माटोळी बघता, तशी मुलांची वही बघा

प्रति,
माननीय कला व संस्कृती मंत्री,
गोवा राज्य, पर्वरी

सप्रेम नमस्कार.

चतुर्थीला आपलं खातं माटोळीची, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या सजावटीची, स्पर्धा घेतं. परीक्षक घरी येतात, चपला बाहेर काढतात आणि देवासमोर उभे राहून मान वर करतात. कवंडाळ कुठून आणलं, कांगण्यो कुठल्या रानातल्या, हे घरच्या माणसाला विचारतात. बक्षीस मिळो न मिळो, त्या विचारण्यावर माटोळी बांधणारा पुढची चतुर्थी येईपर्यंत खूश असतो.

मी सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कुलात गेली एकवीस वर्षं मराठी शिकवते. मुलांच्या लिहिण्याकडे असं मान वर करून बघणारं अजून कुणी आलेलं नाही, म्हणून हे पत्र.

स्पर्धा होत नाहीत असं नाही. निबंध स्पर्धांची पत्रकं शाळेत येतच असतात. विषय ठरलेला, शब्दमर्यादा ठरलेली, मुदत बहुतेक वेळा परवाची. मग शिक्षकच लिहून देतात. हे पाप मीही केलं आहे. पाण्यावरच्या एका स्पर्धेसाठी आठवीतल्या एका मुलानं लिहिलं होतं, की त्याची आजी व्हाळात घागर बुडवण्याआधी पाण्यावरून हात फिरवते, ‘निजलेलं पाणी जागं करून घ्यायचं’ म्हणते. ते मी काढून टाकलं. त्या जागी ‘जलसंवर्धनाची निकड’ घातली, एक सुभाषित घातलं. दुसरं बक्षीस आलं. समारंभात पाहुणे येईपर्यंत दोन तास मुलं उन्हातल्या खुर्च्यांवर बसून होती. शेवटी याला माईकवर निबंध वाचायला सांगितलं, तर तो ‘जलसंवर्धन’पाशी अडकला. दोनदा प्रयत्न केला आणि मग गर्दीत मला शोधू लागला. ती नजर काही जात नाही. ढालीवर त्याचं आडनावही चुकलेलं होतं, पण त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

वरच्या पातळीवर काय आहे, तेही बघितलं. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार देते, पण तो मुलांसाठी लिहिणाऱ्या मोठ्यांना. २०११ पासूनच्या युवा पुरस्काराची वयोमर्यादा पस्तीस वर्षं. पंतप्रधान युवा योजना २०२१ मध्ये आली. तीत तिशीच्या आतल्या पंच्याहत्तर लेखकांना सहा महिने दरमहा पन्नास हजार रुपये मिळाले. चांगलीच गोष्ट आहे. पण तिथवर पोचायचं तर नववी-दहावीत लिहिण्याची गोडी मरू देता कामा नये, आणि नेमकं त्याच वयात आम्ही तिला सुभाषितं पाजतो. आपल्या बाकीबाब बोरकरांचा पहिला संग्रह १९३० साली आला, तेव्हा ते जेमतेम विशीत होते. म्हणजे हात त्याच्या कितीतरी आधीपासून चालत असणार.

तेव्हा राज्यानं विद्यार्थी लेखकांसाठी एक पुरस्कार सुरू करावा, अशी विनंती आहे. आठवी ते बारावी पुरे. विषय देऊ नका. चतुर्थीच्या सुट्टीत मुलं घरी असतात, आजी-आजोबा, काका-मामा सगळे एका जागी सापडतात. लिहायला याहून चांगला काळ नाही, तेव्हा वह्या सुट्टीनंतर मागवा. हो, वह्याच. टाईप केलेली स्वच्छ प्रत नको. खाडाखोड दिसली, म्हणजे लिहिलं कुणी तेही दिसतं, आणि माझ्यासारख्या बाईंचे हात आपोआप बांधले जातात. प्रत्येक मुलाला परीक्षकाचं चार ओळींचं पत्र जावं, ज्याला काही मिळालं नाही त्यालाही. यात खर्च पोस्टाचा, पण मेहनत मोठी आहे, म्हणून परीक्षकांना मानधन नीट द्या. निवडलेल्या लेखनाचं पुस्तक काढा, ते प्रत्येक तालुक्याच्या ग्रंथालयात ठेवा. बक्षीस समारंभ नसला तरी चालेल. करायचाच असेल तर पणजीत पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात करा. १८३२ पासूनची ती संस्था, आमच्या पोरांनी तिचा जिना एकदा तरी चढावा. तिथं भाषणं कमी आणि मुलांचं वाचन जास्त असावं.

कोकणीत लिहिणाऱ्या मुलांना हाच पुरस्कार, याच मंचावर. कोकणी की मराठी हा १९८७ चा राजभाषेचा वाद मोठ्यांनी सांभाळावा. माझ्या वर्गातली मुलं घरी कोकणी बोलतात, वहीत मराठी लिहितात आणि दोन्ही एकमेकींत मिसळतात. त्याला अशुद्ध म्हणून लाल रेघ मारणारे परीक्षक मात्र नेमू नका.

हे सांगायला कारण आहे. गेल्या वर्षी दहावीतल्या एका मुलीनं बावीस पानं लिहिली. तिचे वडील काजूची भाटी, म्हणजे दारू गाळायची भट्टी, लावतात. बोंडूंचा हंगाम आणि तिची परीक्षा एकाच वेळी येते. रात्री भाटीच्या जाळापाशी बसून ती अभ्यास करायची, हुर्राक, म्हणजे पहिल्या धारेची दारू, गळताना बापाला झोप लागली तर उठवायची. सकाळी शाळेत गणवेशाला हुर्राकाचा वास, म्हणून खिडकीशेजारची जागा तिनं स्वतःच मागून घेतली होती. एका ठिकाणी तिनं लिहिलंय, ‘बाबांना थेंबांच्या आवाजावरून कळतं. मला अजून कळत नाही.’ एका स्पर्धेला मी ते पाठवलं. ‘बोंडू’, ‘भाटी’, ‘हुर्राक’ या शब्दांखाली लाल रेघा आल्या, आणि खाली शेरा: विषय विद्यार्थ्यास शोभणारा नाही. ज्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून आपण मिरवतो, ती कुणाच्या घरी गळते हे त्या घरच्या मुलीनं सांगायचं नाही, असा त्याचा अर्थ मी तरी लावला.

ती वही सध्या माझ्या कपाटात आहे. वाळपईला आपलं येणं होतंच. कळवलंत तर घेऊन येईन. वाचायला अर्धा तास लागेल. मुलीला विचारलं आहे, तिची हरकत नाही. फक्त वही परत हवी म्हणाली, मागच्या पानांवर तिची गणितं आहेत.

आपली,
सत्तरीतील एक मराठी शिक्षिका