मुलाखतीला जाण्यापूर्वी

सोलापूर

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चाकणच्या कंपनीकडून मुलाखतीचे बोलावणे आल्याचे तू फोनवर सांगितलेस, आणि त्याच दमात प्रश्नोत्तरांची एक लांबलचक यादी पाठ करायला घेतल्याचेही सांगितलेस. बोलावण्याचा मला फार आनंद झाला. ती यादी मात्र बाजूला ठेव. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमच्या कारखान्यासाठी पर्यवेक्षक निवडताना मी मालकांच्या शेजारी बसतो, आणि पाठ केलेले उत्तर पहिल्या दोन वाक्यांतच ओळखू येते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. अर्जात लिहिलेले काम या उमेदवाराने स्वतः केले आहे का, आणि केले असेल तर ते त्याला कितपत समजले आहे, एवढेच आम्हाला जाणून घ्यायचे असते. म्हणून तू तयारी कर ती तुझ्या स्वतःच्या अर्जाची. त्यातील प्रत्येक ओळीवर कोणी तीन प्रश्न विचारले तर उत्तर देता येईल का, हे पाहा, आणि जिथे देता येणार नाही ती ओळ काढून टाक.

तुझ्या अर्जातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे शेवटच्या वर्षाचा यंत्रमागावरचा प्रकल्प. तो तुम्ही चौघांनी मिळून केला, त्यामुळे त्यात तुझा वाटा कोणता, हे विचारले जाणारच. माग कशामुळे थांबतो याची नोंद करीत तू पाळीभर उभी राहत होतीस; ताण्याचा म्हणजे उभा धागा तुटला, आडव्या धाग्याची कांडी संपली, की कारागीर दुसऱ्या मागावर गुंतला होता, ही कारणे वेगवेगळी लिहिण्याची कल्पना तुझीच होती. ते संकोच न करता सांग. आकडा सांगितलास तर तो कसा काढला, हेही सांगता आले पाहिजे: 8 तासांची पाळी म्हणजे 480 मिनिटे, त्यांपैकी माग 96 मिनिटे थांबला असेल तर तो 80 टक्के वेळ चालला. यापुढे ते विचारतील की तुम्ही काय बदलले, आणि खरा कस त्याच्याही पुढच्या प्रश्नात लागतो: फरक त्या बदलामुळेच पडला, हे कशावरून? इथे बहुतेक उमेदवार अडखळतात, कारण त्या काळात सूत बदलले होते का, मागावर कारागीर तोच होता का, याचा त्यांनी विचारच केलेला नसतो. तुझी नोंदवही काढून हे आजच तपास. एखाद्या गोष्टीची नोंद करायची राहून गेली असेल तर तेही सरळ सांग. आपल्या मोजमापाची मर्यादा ओळखणारा अभियंता मला तरी अधिक विश्वासाचा वाटतो.

ती कंपनी वाहनांचे सुटे भाग बनवते, त्यामुळे समोरच्यांना टॉवेलचा माग ठाऊक असेलच असे नाही. टॉवेलवर लूप कसे उठतात, हे कागदावर आकृती काढून थोडक्यात समजावण्याचा सराव कर. ताण्याचे धागे गुंडाळलेले दोन बीम म्हणजे रूळ असतात, एक घट्ट आणि एक सैल. फणी दोन आडवे धागे कापडाच्या कडेपासून थोड्या अंतरावर सोडते आणि तिसऱ्या धाग्याच्या वेळी तिन्ही एकदम कडेपर्यंत रेटते, तेव्हा घट्ट धागे जागीच राहतात आणि सैल धाग्यांचे लूप वर येतात. वजनाचा हिशेबही तोंडी यावा: 70 बाय 140 सेंटिमीटरचा टॉवेल 490 ग्रॅम भरला तर तो 500 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 500 ग्रॅम. हे तुझ्या वसतिगृहातील वाणिज्य शाखेच्या मैत्रिणीला समजले, तर तिथेही समजेल.

तिसऱ्या सत्रात लागलेल्या केटीबद्दल, म्हणजे राहिलेल्या विषयाबद्दल, विचारले तर विषयाचे नाव सांग, तो पुढच्या परीक्षेत सोडवल्याचे सांग आणि थांब. प्राध्यापकांना किंवा पेपरला दोष देऊ नकोस. एखादे उत्तर येत नसेल तर येत नाही म्हण, आणि ते शोधायचे झाले तर सुरुवात कुठून करशील, ते सांग. इंग्रजीत अडकलीस तर परवानगी घेऊन मराठीत किंवा हिंदीत बोल. मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या कारागिरांमध्ये उभी राहून तू काम केले आहेस, आणि उत्पादन विभागात त्याची किंमत असते.

तू मुलगी आहेस म्हणून रात्रपाळी आणि लग्न हे विषय निघण्याची शक्यता आहे, आणि याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. रात्रपाळीचा प्रश्न कामाचा आहे. तुझी तयारी असेल तर होकार दे आणि येण्याजाण्याच्या वाहनाची सोय कशी आहे, ते विचार. लग्नाबद्दल विचारले तर ती खासगी बाब असल्याचे आणि कामात त्यामुळे अडचण येऊ देणार नसल्याचे शांतपणे सांग. यापलीकडे स्पष्टीकरण देण्याचे बंधन तुझ्यावर नाही, आणि त्यामुळे नोकरी गेली तरी घरातून तुला कोणी बोल लावणार नाही.

पगाराचा विषय त्यांनी काढला की वार्षिक सीटीसीवर, म्हणजे कंपनीला तुझ्यावर येणाऱ्या एकूण खर्चाच्या आकड्यावर, समाधान मानू नकोस. त्यात कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा आणि अनेकदा ग्रॅच्युइटीही धरलेली असते, म्हणून दरमहा हातात किती येईल, ते विचार. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नेमणूक कोणत्या स्वरूपाची आहे, ते समजून घे. शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 खालची नेमणूक ही प्रशिक्षणासाठी असते आणि ती संपल्यावर कायम नोकरीची हमी नसते. ती घेऊच नये असे माझे म्हणणे नाही, पण माहीत करून घ्यावी. मूळ प्रमाणपत्रे दाखवायला ने, पण कोणाकडेही ठेवून येऊ नकोस. साक्षांकित प्रती द्याव्यात.

पुणे–नाशिक रस्त्यावर सकाळी वाहनांची मोठी कोंडी होते. त्यामुळे आदल्या रात्री भोसरीला आत्याकडे मुक्काम कर. मी तिच्याशी बोललो आहे. निघण्याआधी निकाल साधारण कधीपर्यंत कळवतील, ते विचार आणि मला फोन कर. नेमणुकीचे पत्र आलेच, तर सही करण्यापूर्वी त्याची सगळी पाने मला पाठव, विशेषतः कंपनी सोडण्याच्या अटी आणि बाँडची रक्कम लिहिलेले पान.

तुझे बाबा