भिंतीवरचं वचन

प्रिय बंड्या,

प्रभूच्या नावात सलाम. उत्तराला फार उशीर झाला, शिव्या भेटल्यावर घाल. तब्येत ठीक, गोळ्या चालू.

कामावर भिंतीला बायबलमधलं वचन, कलस्सै ३:२३, लागलंय: जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. पाठोपाठ बिनपगारी जादा थांबायची नोटीस. बाकीचे म्हणतात, वचनच आहे, त्यात वाद कसला? म्हणून तुला लिहितोय.

वाद आहे. आधीच्याच वचनात तोंडदेखली चाकरी नको म्हटलंय. म्हणजे कुणी पाहत नसताना काम कसं होतं, हा खरा प्रश्न. रंगकामच घे. जुना रंग खरवडायचा, भेगा लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरायच्या, ती पूर्ण वाळू द्यायची, पॉलिश पेपर मारून धूळ पुसायची, मग प्रायमर. लांबी ओली असताना रंग चढवला तर हिशोब चुकता होईपर्यंत भिंत झकास दिसते, पोपडे नंतर सुटतात. जिवेभावे म्हणजे लांबी वाळेपर्यंत थांबणं. प्रार्थनेनं ती लवकर वाळत नाही, हे तुझ्यासारख्या घायकुत्याला मुद्दाम सांगतो.

तास वाढवण्याबद्दल तिथं अवाक्षर नाही. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल लिहितोय गुलामांना, ज्यांना काम सोडायची मुभाच नव्हती. आणि दोनच वचनं सोडून, ४:१ मध्ये, धन्यांना दम भरलाय: न्यायानं आणि समतेनं वागा, तुमचाही धनी स्वर्गात आहे. हे कुणी भिंतीवर लावत नाही, जागा पुरत नसावी! बायबलमधलंच याकोबाचं पत्र, ५:४, तर अडकवलेली मजुरी ओरडते म्हणतं.

तू ज्याला शिस्तीचा खविस म्हणायचास त्या बेनेडिक्टनं मठातल्या साधूंसाठी लिहिलेल्या नियमाचं ३५वं प्रकरण वाच. सहाव्या शतकातला माणूस. स्वयंपाकाची पाळी आठवड्याची. शनिवारी टॉवेल धुवायचे, सगळ्यांचे पाय धुवायचे, भांडी स्वच्छ आणि धड कोठाऱ्याच्या हवाली करायची. पण वाढणाऱ्यांना जेवणाच्या तासभर आधी नेहमीच्या वाट्याहून जास्त भाकर आणि पेय द्यायचं, म्हणजे ते कुरकुर न करता वाढतील. सेवा मागायची तर आधी पोटाचं बघा, इतकं त्याला कळत होतं.

पॅरिसच्या मठातला ब्रदर लॉरेन्स मला जास्त जवळचा. स्वयंपाकघराचा त्याला मनापासून तिटकारा, तरी वर्षानुवर्षं तेच काम. सुरुवातीला कृपा मागायची, हात चालू असताना देवाशी बोलायचं, शेवटी काम कसं झालं ते तपासायचं. चुकलं तर क्षमा मागून पुढं, कुढत बसायचं नाही. तिटकारा गेल्यावर सुरू करू म्हणणाऱ्यांचं कधीच सुरू होत नाही.

आणि हो, जोड्यांवर क्रूस ठोकण्यापेक्षा जोडे चांगले करा, हा धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या नावावर सांगतात तो मोच्याचा किस्सा त्याच्या लेखनात सापडत नाही. बोधकथा म्हणून खुशाल सांग, पण त्याच्या नावावर खपवू नकोस. हे भांडण मी मरेपर्यंत सोडणार नाही.

फलक काढा असं म्हणवत नाही. खाली ४:१ लिहून मागावं म्हणतो. उद्धटपणा होईल का रे? खरं सांग, गोड बोलू नकोस.

नव्या नोकरीचं अभिनंदन. आईचा गुडघा कसाय? धाकटीचा निकाल कळव. आणि रविवारची सुटी आधीच लेखी घे.

तुझाच,
भाऊ