‘नको’ म्हणण्याचा सराव करून घेणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आमच्या नववीच्या वर्गासाठी आपण व्यसनप्रतिबंधाच्या सहा तासिका घेतल्यात, त्याबद्दल शाळेने आपले रीतसर आभार मानलेच आहेत. पण वर्गशिक्षिका म्हणून मला जे मिळाले ते त्या दोन ओळींत मावणारे नव्हते, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

आपण येईपर्यंत आम्ही काळवंडलेल्या फुप्फुसांची चित्रे दाखवत होतो आणि शपथ देववत होतो. नुसता धाक घातल्याने मुले व्यसनापासून दूर राहत नाहीत, असे आपण पहिल्याच भेटीत शांतपणे सांगितलेत, तेव्हा खरे तर मला ते रुचले नव्हते.

दुसऱ्या तासिकेला आपण निनावी चिठ्ठ्या भरून घेतल्यात: वर्गातील किती जणांनी दारू चाखली असेल असे वाटते, आणि तू स्वतः चाखली आहेस का? दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले गेले, तेव्हा अंदाजाचा आकडा प्रत्यक्षाच्या कितीतरी पट निघाला आणि वर्ग एकदम गप्प झाला. ‘सगळेच घेतात’ हे वाक्य त्यानंतर माझ्या कानांवर आलेले नाही.

आवेगाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो आणि म्हणूनच कोवळ्या वयात सुरू झालेली दारू पुढे माणसाला सहज अंकित करते, हे आपण मुलांना कमीपणा न वाटू देता समजावलेत.

मला सर्वाधिक आठवतो तो सराव. हट्टी मित्राच्या भूमिकेत आपण स्वतः उभ्या राहिलात: ‘अरे, एका घोटाने काय होतंय?’ समोरचा मुलगा बुटांकडे बघत हसला आणि ‘नको ना’ एवढेच पुटपुटला. आपण त्याला टोकले नाहीत. पुन्हा विचारलेत, मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी मान वर करून तो म्हणाला, ‘नको, मी घेत नाही. चल, खेळायला जाऊ.’ नकार देऊनही मैत्री राखता येते, हे त्याच्याबरोबर मीही शिकले.

पालकसभेत आपण आइसलँडचे उदाहरण दिलेत. तेथे १५-१६ वर्षांच्या मुलांमध्ये, मागील महिन्यात दारूने झिंगल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण १९९८ मध्ये ४२ टक्के होते, ते २०१६ पर्यंत ५ टक्क्यांवर आले. आणि त्यामागे खेळ, छंद व पालकांचा मुलांसोबतचा वेळ यांचा मोठा वाटा होता. सभेनंतर काही वडील खुर्च्यांवर तसेच बसून राहिले होते.

गेल्या आठवड्यात एक विद्यार्थिनी वर्ग रिकामा होईपर्यंत थांबली आणि घरातल्या एकाच्या पिण्याबद्दल बोलू लागली. पूर्वी मी लगेच उपदेश केला असता. आपण शिकवल्याप्रमाणे मी फक्त विचारले, ‘कधीपासून त्रास होतोय तुला?’ आणि ती अर्धा तास बोलत राहिली.

आपली कृतज्ञ,
नववीची वर्गशिक्षिका