रूबेन, दाराशी तूच का?

ठाणे, ८ ऑक्टोबर २०२५

चि. रूबेन यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू बोलता बोलता फोन ठेवून दिलास. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय म्हणतो?" मी म्हटलं, रेंज गेली. फोन आला की ती शेजारी येऊन बसते, तिच्यासमोर हे बोलता येत नाही, म्हणून पत्र. तिला अजून वाटतं की किप्पूरला, आपल्या ज्यूंच्या उपासाच्या दिवशी, तू प्रार्थनेची शाल, टाल्लित, अंगावर घेऊन सिनेगॉगमध्ये आत बसला होतास. तू सकाळपासून दाराशी पहाऱ्याला उभा होतास हे मी तिला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

तो दिवस इकडे कसा गेला ते तुला कळायला हवं. यंदा किप्पूर आणि दसरा एकाच दिवशी आले. सोसायटीत झेंडूची तोरणं, खाली गाड्यांना हार, आणि आम्ही पांढऱ्या कपड्यांत, उपाशी, दिवसभर सिनेगॉगमध्ये. मोबाईल घरीच. शेवटी शोफारचं शिंग वाजलं, बाहेर आलो, तर पोलीस चौकीशेजारी हनीफ उभा. राबोडीहून चालत आलेला, शर्ट घामाने भिजलेला. त्याने पहिलं विचारलं ते, "रूबेन कुठंय?" मग मँचेस्टरचं सांगितलं. हीटन पार्कचं सिनेगॉग, सकाळची प्रार्थना चालू, माणसांच्या अंगावर गाडी घातली, मग सुरा काढला. मी म्हटलं, अरे ते इंग्लंड, हा जर्मनीत. तो म्हणाला, "ठाऊक आहे. तरी फोन कर." तुझा फोन बंद. तिकडे अजून दुपार होती, तुझा उपास सुटायला वेळ होता. हे कळत असूनही रात्री अकरापर्यंत आईने पाण्याशिवाय काही घेतलं नाही आणि हनीफ आमच्या घरून हलला नाही.

आणि मग तुझा फोन आला. मी गॅलरीत गेलो तेव्हा तू हळू आवाजात म्हणालास, "पप्पा, आज मी दाराशी होतो." किती आनंदाने सांगितलंस. मला शब्द सुचला नाही.

रूबेन, हालेच्या सिनेगॉगचं ते दार मला माहीत नाही असं समजू नकोस. त्या शहरात तुझं काम ठरलं तेव्हापासून मी वाचत आलोय. उद्या ९ ऑक्टोबर, सहा वर्षं होतील. २०१९ साली त्या तारखेला किप्पूरच होता. आत पन्नासच्या वर माणसं. तो हल्लेखोर बंदूक आणि घरी बनवलेली स्फोटकं घेऊन आला, इंटरनेटवर थेट दाखवत. दारावर गोळ्या झाडल्या, दार उघडलं नाही. रस्त्याने जाणाऱ्या एका बाईला त्याने मारलं. मग जवळच्या कबाबच्या दुकानात घुसला, तिथे मुसलमान सापडतील म्हणून. तिथे गेला तो २० वर्षांचा पोरगा, रंगकाम शिकणारा, जेवणाच्या सुट्टीत आलेला. तो मुसलमान नव्हताच. पळून जाताना त्याच्या गाडीने एका सोमाली तरुणाला उडवलं.

हे सगळं तुला पाठ आहे. तूच मला समजावलंस की त्या माणसाच्या डोक्यात हे एकच प्रकरण होतं. ज्यू लोक मुद्दाम मुसलमानांना आणि आफ्रिकनांना युरोपात आणतात, म्हणजे गोऱ्यांचा वंश संपेल, असा त्याचा ठाम विश्वास. मी तुला ते परत सांगायला लावलं होतं, कारण माणूस असं काही मानू शकतो हे मला खरं वाटेना. आता वाटतं. त्याच्या यादीत आपण दोन्हीकडे बसतो. गळ्यात आजीने दिलेला तारा आणि रंग कोकणातला. एकाला तू ज्यू म्हणून नको, दुसऱ्याला मुसलमान समजून नको. म्हणून म्हणतो, दाराशी दुसऱ्या कुणाला उभं राहू दे. तिथले बहुतेक लोक सोव्हिएत देशांतून आलेले, गोरे आहेत, निदान ट्रॅममध्ये त्यांच्याकडे वळून कुणी बघत नाही.

ट्रॅमचं निघालंच आहे म्हणून. जूनमध्ये त्या तिघांनी तुला "मुसलमाना, घरी जा" म्हटलं आणि तू काहीच बोलला नाहीस, हे तू सांगितलंस त्या दिवशी हनीफ आमच्याकडे चहाला होता. आई म्हणाली, "अरे, सांगायचं ना, मी मुसलमान नाही म्हणून!" आणि मग तिच्या लक्षात आलं की समोर कोण बसलंय. हनीफने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "भाभी बरोबर बोलतात. आधी जीव. बोल त्याला, खुशाल सांग." तू काय उत्तर दिलंस आठवतं? "मग ते मला सोडून पुढच्या डब्यात जातील, चाचा." हनीफ त्यावर काही बोलला नाही. जाताना जिन्यात मला एवढंच म्हणाला, "पोरगा चांगला निघाला आपला." आपला म्हणाला. माझगावच्या सर एली कदूरी शाळेत आम्ही एका बाकावर होतो. ती शाळा आपल्या लोकांनी काढली आणि आज तिथे शिकणारी बहुतेक मुलं मुसलमान आहेत. तुझ्या त्या उत्तराचा मला किती अभिमान वाटला ते मी तेव्हा बोललो नाही, आता लिहितोय. अभिमान वाटला म्हणून रात्री झोप लागली असं मात्र नाही.

अश्दोदच्या लीआमावशीचे मेसेज तुलाही येत असतील. तिचं म्हणणं, युरोपात जे पक्ष मुसलमानांना हाकला म्हणतात तेच आपले खरे मित्र. मँचेस्टरचा हल्लेखोर सीरियातून आलेल्या कुटुंबातला होता असं ती लिहिते, आणि ते खरं आहे, लपवण्यासारखं काही नाही. गाझात इस्रायलने काय केलं त्याचा सूड मँचेस्टरमध्ये उपास धरून प्रार्थनेला आलेल्या माणसांवर घ्यायचा, ह्याला कसलंही कारण पुरत नाही. मी तो मेसेज हनीफसमोरच मोठ्याने वाचला. तो म्हणाला, "आता ह्याची किंमत तिकडचे माझे लोक देणार." दोनच दिवसांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावर पीसहेवनमध्ये मशिदीच्या दाराला आग लावली. आत माणसं होती, वाचली.

मावशीला मी उत्तर लिहिलं आणि पाठवलं नाही, तुला सांगतो. हे मित्र म्हणवणारे कोण आहेत? जर्मनीतल्या कट्टर उजव्या एएफडी पक्षाचे गाउलांड २०१८ साली म्हणाले होते की हिटलर आणि नाझी म्हणजे हजार वर्षांच्या यशस्वी जर्मन इतिहासात पक्ष्याची विष्ठा. त्याच पक्षाचे ह्योके बर्लिनच्या, मारल्या गेलेल्या ज्यूंच्या स्मारकाला लाजेचं स्मारक म्हणाले. त्याच ह्योकेंना गेल्या वर्षी तुझ्या हालेच्याच कोर्टाने दंड केला, हिटलरच्या एसए टोळ्यांची घोषणा मेर्सेबुर्गच्या सभेत दिली म्हणून. ऑस्ट्रियात गेल्या वर्षी पहिल्या नंबरवर आलेल्या पक्षाचा पहिला अध्यक्ष हिटलरच्या एसएस दलाचा अधिकारी होता. असल्या लोकांना आज इस्रायलच्या झेंड्याचं प्रेम आलंय. ज्याला शेजारच्या खोलीतला भाडेकरू त्याच्या धर्मामुळे नको, तो आपल्याला घरात ठेवील ह्यावर माझा विश्वास नाही, आणि मावशीने कितीही फॉरवर्ड पाठवले तरी बसणार नाही.

ह्यात आपल्यालाही जुनी ओळख आहे. इस्रायलमध्ये गेलेल्या आपल्या माणसांना तिथल्याच रब्बींनी विचारलं होतं, तुम्ही खरे ज्यू कशावरून? लग्नासाठी आजोबा-पणजोबांचे पुरावे मागितले. १९६४ साली आपले लोक जेरुसलेममध्ये रस्त्यावर धरणं धरून बसले, त्यात सायमनकाका होते. सायमनकाका शेवटपर्यंत म्हणायचे, पुरावा मागणाऱ्याला एकदा उत्तर दिलं की तो रोज मागतो. तू ट्रॅममध्ये गप्प राहिलास तेव्हा मला ते आठवले. त्यांचा शांतपणा तुझ्यात उतरलाय. पण ते धरणं घराच्या माणसांसमोर होतं, रूबेन. तिथे कुणाकडे बंदूक नव्हती.

फेब्रुवारीच्या निवडणुकीत तुझ्या राज्यात शंभरातल्या सदतीस जणांनी एएफडीला मत दिलं. अख्ख्या जर्मनीत वीस-एकवीस, तुझ्याकडे सदतीस. पुढच्या सप्टेंबरात राज्याची निवडणूक आहे आणि पाहण्या चाळीसच्या आसपास सांगतात. ते चाळीस जण खुनी नाहीत, हे मला कळतं. तुझी घरमालकीण तुला प्लमचा केक आणून देते, आजारी पडलास तर सूप देते, आणि मत त्यांना देते, असं तूच सांगितलंस. मला त्या तिघा टवाळांपेक्षा ह्याचीच जास्त धास्ती वाटते. ती तुला धक्काही लावणार नाही. पण ज्या दिवशी तुझा व्हिसा वाढवायचा नाही असं ठरेल त्या दिवशी ती दार लावून घेईल आणि तिला वाईटही वाटेल. तुझ्या रस्त्यावर फूटपाथमध्ये बसवलेल्या त्या पितळी पाट्यांचे फोटो तू पाठवले होतेस, ज्या घरातून माणसं नेली त्या घरासमोर त्यांची नावं. त्यांच्याही घरमालकिणी असतील.

उपदेश करायचा नाही असं ठरवून बसलो होतो, आणि तू लहान असल्यासारखा शिकवत सुटलो. माफ कर. तू तिथे राहतोस, मी ठाण्यात बसून पेपर वाचतो.

तरी एक सांगतो. मँचेस्टरला दार आतून धरून ठेवलं नसतं तर किती गेले असते, हे मला माहीत नाही. आतली माणसं वाचली हे माहीत आहे. आणि दार धरणाऱ्यांतला एक जण मेला तो हल्लेखोराच्या नव्हे, पोलिसांच्या गोळीने. मारायला आलेला आणि वाचवायला आलेला, दोघांच्या मधे जो असतो तो दारावरचा माणूस असतो. रविवारी मी हेच म्हणत होतो की पहारा हे पोलिसांचं काम. तू म्हणालास, "२०१९ला पोलीस नव्हते, पप्पा," आणि फोन ठेवलास. नव्हते, बरोबर आहे. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस आणि बाहेर एक शिपाई नव्हता. फक्त लाकडाचं दार होतं. पण आता आहेत ना? मग तू कशाला?

आजीची आठवण येते. ती किप्पूरला दारफाळणीचा सण म्हणायची. नवगावला तिच्या लहानपणी आदल्या संध्याकाळी आंघोळी करून, पांढरं नेसून दारं लावून घ्यायचे, दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत बाहेरच्या कुणाला शिवायचं नाही. तिला भीती माहीत नव्हती. शेजारी आगरी, मुसलमान, पलीकडे ब्राह्मणआळी, आपल्या दाराकडे कुणी वाईट नजरेने पाहिलं नाही, आणि तिला वाटायचं जग असंच असतं. मग २००८ साली नरिमन हाऊस झालं. आत सहा माणसं मारली. त्यानंतर ठाण्याच्या सिनेगॉगबाहेर चौकी आली आणि मी बरेच शनिवार तुला घरी ठेवलं. आजी माझ्याशी बोलेना. काठी घेऊन एकटी रिक्षात बसून जायची. परत आली की तुला जवळ घेऊन सांगायची, आज दहा पुरुष झाले नाहीत, प्रार्थना अर्धीच झाली. तू मोठ्या डोळ्यांनी माझ्याकडे बघायचास. तिथून हे सगळं आलंय तुझ्यात, मला ठाऊक आहे. तिच्याशी भांडता आलं नाही, तुझ्याशी भांडतोय.

हालेच्या त्या कबाबच्या दुकानासाठी नंतर ज्यू विद्यार्थ्यांनी पैसे जमवले, हे तू हनीफला सांगितलंस तेव्हा त्याचे डोळे भरले. तो ते राबोडीत सगळ्यांना सांगत फिरला. हे मी विसरलेलो नाही. तिथे चांगली माणसं आहेत, त्या दाराच्या आतही आणि बाहेरही. तू त्यांच्यासाठी उभा राहतोस. दुसऱ्या कुणाचा मुलगा असता तर मी त्याचं नाव अभिमानाने घेतलं असतं.

पुढच्या आठवड्यात सिम्हात तोराचा सण, म्हणजे सिनेगॉगमध्ये परत गर्दी. उभा राहणारच असशील तर एकटा राहू नकोस. दोघे तरी असा. रात्री सगळे गेल्यावर शेवटच्या ट्रॅमने येऊ नकोस, टॅक्सी कर, पैसे मी पाठवतो. अंगात ते जाड जॅकेट असू दे. तारा काढ असं मी म्हणणार नाही, आजी मला माफ करणार नाही. शर्टाच्या आत ठेवलास तर आईला बरं वाटेल. मलाही.

हनीफचा पुतण्या २० तारखेनंतर फ्रँकफुर्टला जातोय. त्याच्याबरोबर पोह्यांचा चिवडा, चिक्की आणि आईने केलेला हलवा पाठवतोय, नारळाच्या दुधातला. हलवा लगेच खा, टिकत नाही. पोरगा नवा आहे, त्याला तिकडचं काही माहीत नाही. स्टेशनवर घ्यायला जा आणि कुठे कसं वागायचं ते सांग. त्याला माझ्यापेक्षा तू नीट समजावशील.

ह्या पत्राचं उत्तर माझ्या फोनवर नको, आई वाचते. हनीफच्या नंबरवर पाठव. सिम्हात तोराला दाराशी कोण कोण आहे, तेवढं नक्की लिही.

तुझा,
पप्पा