पीठ एका जागी, लाटणं घरोघरी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या भाषणाचा मसुदा वाचला. बचत गटाच्या बायकांपुढे ‘लिज्जत पापड’ उभं करणाऱ्या जसवंतीबेन पोपटांविषयी बोलायचं ठरवलंस, उत्तम केलंस. फक्त ते सुरुवातीचं ‘८० रुपयांतून १६०० कोटी’ काढून टाक. बायका टाळ्या वाजवतील, घरी जातील, हाती काहीच लागणार नाही. शिवाय आजच्या उलाढालीत पापडाबरोबर ‘ससा’ डिटर्जंट आणि मसालेही आले. त्यापेक्षा पोराबाळांच्या आईला उंबरठा न सोडता रोजची कमाई कशी करता आली, ते सांग.

१५ मार्च १९५९. गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन त्यांतल्या एक. भांडवल ८० रुपये, तेही भारत सेवक समाजाचे छगनलाल पारेख ऊर्फ छगनबाप्पा यांच्याकडून उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली आणि भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली. देणगी मागायची नाही, मग तोटा झाला तरी चालेल, हे तेव्हाच ठरलं. या बायका आधी दोन प्रतींचे पापड करत होत्या, त्यातला एक स्वस्तातला. बाप्पांनी सांगितलं, एकच प्रत ठेवा, ती उत्तम ठेवा आणि हिशेब चोख लिहा. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. मोडके पापड शेजारीपाजारी वाटले जायचे. विक्रीचा हा आकडा भाषणात जरूर घे, तुझ्या गटाला तो आपल्या आवाक्यातला वाटेल.

पहिल्याच वर्षी पावसाने चार महिने काम बंद पाडलं. दमट हवेत पापड वाळत नाही, ओल राहिली की बुरशी येते. पुढच्या वर्षी खाट आणि स्टोव्ह घेतला. पापड खाटेवर पसरायचे, स्टोव्ह खाली पेटवायचा. एवढ्यावर बारमाही धंदा उभा राहिला.

खरा पेच मात्र तिसऱ्या वर्षी आला. बायका तीनशेवर गेल्या आणि गच्ची पुरेना. तेव्हा मळलेलं पीठच घरी न्यायला द्यायचं ठरलं. जागेच्या टंचाईतून निघालेली ही वाट, पण माझ्या मते लिज्जतचं सगळं मर्म तिच्यात आहे. शाखेवर पहाटेच पीठ मळलं जातं. बहिणी (सभासद बायकांना लिज्जतमध्ये असंच म्हणतात) आदल्या दिवशीचे वाळलेले पापड घेऊन येतात, ते तपासून वजन करून घेतात, मजुरी हातावर पडते आणि नवं पीठ घेऊन बाई घरी. लाटायचं कधी, ते तिचं तिने ठरवायचं: पोरं शाळेत गेल्यावर, सासूबाई आडव्या झाल्यावर, कुकर लावल्यावर. अट एकच, घर स्वच्छ हवं आणि वाळवणाला जागा हवी. एका खोलीत सहा माणसं असतील तर ती जागा कुठून येणार? अशा बाईसाठी मळणी, पॅकिंग, तपासणी अशी कामं असतात. काम कष्टाचंच आहे, पाठ आणि मनगटं बोलायला लागतात, तेही लपवू नकोस.

पीठ एकाच जागी का मळायचं, हे तुझ्या गटाला नीट समजायला हवं, कारण पापड बिघडतो तो मळणीत. किलोभर उडदाच्या पिठाला साधारण ६० ते ७० ग्रॅम मीठ, २५ ते ३० ग्रॅम पापडखार, तितकीच भरड मिरी, १० ग्रॅमच्या आसपास हिंग आणि सव्वाचारशे मिलीलीटर पाणी. खार आणि मीठ पाण्यात उकळायचं, गार करायचं, गाळायचं, मगच पिठात घालायचं. पीठ दगडासारखं घट्ट भिजलं पाहिजे. मग तेलाचा हात लावून कुटायचं, गोळा ताणला की तुटण्याऐवजी तार धरेपर्यंत. खार जास्त झाला की भाजताना पापड लाल होतो आणि साबणासारखा लागतो. कमी पडला तर फुलत नाही. मिरीचा मोठा दाणा राहिला की लाटताना नेमका तिथेच पापड फाटतो. पिठी जास्त लावली तर ती तळणीत जळून तेल काळं होतं. लाटलेला पापड कडक उन्हात टाकला तर कडा मुरडतात आणि पाकिटात भरताना तुकडे होतात, म्हणून वाळवण सावलीत, शेवटी थोडं ऊन. तीनशे घरांत तीनशे हातांनी पीठ मळलं असतं तर चव एक राहिली असती का?

बाकीचं दोन वाक्यांत आटप. ‘लिज्जत’ हे नाव १९६२ साली स्पर्धेतून आलं, बक्षीस ५ रुपये. १९६६ मध्ये संस्थेची नोंदणी झाली आणि त्याच वर्षी खादी ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. सभासद फक्त बायका. पुरुष नोकरीला असतात, मालकीत नाहीत. आज बहिणींची संख्या ४५ हजारांच्या घरात सांगतात. जसवंतीबेनना पद्मश्री जाहीर झाली २०२१ साली, वयाच्या नव्वदीत. म्हणजे गच्चीवर बसल्या तेव्हा त्या तिशीच्या आसपास होत्या. तुझ्या गटातल्या बऱ्याचजणी त्याच वयाच्या असतील, हे त्यांना मोजून दाखव. आणि ‘माउली’, ‘त्यागमूर्ती’ ही विशेषणं गाळ. बाईने धंदा केला, तो धंदा म्हणूनच सांग.

आणखी एक. गटाला पापडच करायचे असतील तर सुरुवात जूनमध्ये नको. त्या सातजणींना मार्चच्या मध्यापासून पावसापर्यंत अडीच-तीन महिने मिळाले, म्हणून निदान विक्रीची घडी तरी बसली. तुम्हीही होळीच्या सुमारास हात घाला, आणि पावसाळ्यासाठी खाटेची व्यवस्था आधीच करून ठेवा. स्टोव्हची आच मंद हवी, नाहीतर पापड वाळण्याऐवजी खालून शेकतो.

सुधारलेला मसुदा पाठव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र