फनेलमधून वीज वाहत नाही

संपादक महोदय,

मार्केटिंगचे दाखले देऊन भौतिकशास्त्र शिकवण्याची पद्धत सध्या बरीच लोकप्रिय आहे. वाणिज्य किंवा व्यवस्थापन शिकलेल्यांना विज्ञानाकडे वळवायला ती सोयीची आहे, आणि दाखल्यांना आमचा विरोध नाही. मॅक्सवेलनेही फॅरेडेच्या बलरेषा समजून घेताना दाबल्या न जाणाऱ्या द्रवाची कल्पना केली होती. मात्र त्या द्रवाचे आणि बलरेषांचे गणित त्याने जुळवून पाहिले होते. आजच्या दाखल्यांत बहुधा नुसते शब्द जुळतात.

सर्वांत घातक दाखला विक्रीच्या फनेलचा. हजार जणांनी जाहिरात पाहिली, शंभरांनी क्लिक केले, दहांनी खरेदी केली. विद्युतधाराही अशीच एकेका रोधातून (विजेच्या वाटेत अडथळा आणणाऱ्या घटकातून) जाताना घटत जाते, असे सांगितले जाते. हे साफ चूक आहे. 6 व्होल्टच्या बॅटरीला 10 ओहमचे दोन रोध एकसर जोडून पाहावेत. पहिल्याच्या आधी, दोघांच्या मधे आणि दुसऱ्याच्या नंतर, तिन्ही ठिकाणी ॲमीटर 0.3 अँपिअरच्या आसपासच दाखवतो. घटते ते विभव (व्होल्टेज), प्रत्येक रोधावर 3 व्होल्टने. ‘दिवा धारा खातो’ हा गैरसमज नवशिक्यांच्या डोक्यात आधीच असतो, फनेल त्याला खतपाणी घालते. फनेल वापरायचेच तर प्रकाशाच्या शोषणासाठी वापरावे. करड्या काचेची एक पट्टी निम्मा प्रकाश पलीकडे जाऊ देत असेल, तर पृष्ठभागावरचे परावर्तन सोडून दोन पट्ट्यांतून पाव आणि तिनांतून अष्टमांश प्रकाश जातो. टप्प्यागणिक उरलेल्यातला काही हिस्सा गळणे, हे दोन्हीकडे खरे आहे.

दुसरा दाखला न्यूटनच्या दुसऱ्या नियमाचा: ब्रँड जितका मोठा, तितकी त्याची दिशा बदलायला ताकद जास्त. ऐकायला छान. पण जाहिरात म्हणजे बल आणि विक्री म्हणजे वेग धरला, की जाहिरात थांबताच विक्री उतरते आणि ‘गती टिकवायला सतत बल लागते’ हा न्यूटनपूर्व समज पुन्हा वर्गात येऊन बसतो. बल शून्य असेल तर वेग कायम राहतो, हे सांगणारा पहिला नियमच त्यात बुडतो. ग्राहकांचे विसरणे आणि स्पर्धकांची ओढ यांना घर्षण मानून मांडणी केली तर दाखला काहीसा सावरतो. मग तो मोकळ्या पदार्थाचा राहत नाही, ग्लिसरीनमधून खाली जाणाऱ्या गोळीचा होतो. तिला अंतिम वेग असतो, तसा ठरावीक खर्चावर विक्रीचा आकडा एका पातळीला येऊन स्थिरावतो.

खऱ्या अर्थाने कामाचा दाखला आहे ग्राहकगळतीचा, आणि तोच सर्वांत कमी वापरला जातो. दरमहा 5 टक्के ग्राहक सोडून जात असतील तर 1000 चे 950, मग सुमारे 902, मग 857 उरतात. साधारण साडेतेरा महिन्यांनी निम्मे. किरणोत्सारी क्षयाचे, म्हणजे अस्थिर अणू आपोआप फुटत जाण्याचे, गणित अगदी हेच आहे. इथे विद्यार्थ्याला एकच प्रश्न विचारावा: आणखी साडेतेरा महिन्यांनी किती उरतील? ‘शून्य’ म्हणणारे बरेच निघतात. उत्तर पाव, म्हणजे 250. अर्धायुष्य काल, म्हणजे निम्मे उरायला लागणारा ठरावीक काळ, इथे पक्का होतो. दाखला मोडतो ती जागाही शिकवण्याजोगी आहे. जुना ग्राहक सहसा नव्याइतका लवकर सोडून जात नाही. अणूला मात्र वय नसते. आयोडीन-131 चा अर्धायुष्य काल सुमारे आठ दिवसांचा; त्याचा एखादा अणू पाच दिवस टिकला म्हणून पुढच्या आठ दिवसांत त्याचा क्षय होण्याची शक्यता बदलत नाही, ती निम्मीच राहते.

‘सर्वेक्षण केले की ग्राहकाचे उत्तर बदलते, हेच हायझेनबर्गचे (अनिश्चिततेचे) तत्त्व’ हे वाक्य तर पूर्णच सोडून द्यावे. ते मापनाने होणाऱ्या ढवळाढवळीचे वर्णन आहे. स्थान आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग) यांच्या विखुरण्यावरची मर्यादा कणाच्या अवस्थेतच असते, मापन कितीही हळुवार केले तरी.

भौतिकशास्त्राकडून बाजाराकडे झालेला एक उलटा प्रवासही माहीत असावा. विल्यम रायली यांनी 1931 मध्ये किरकोळ बाजाराच्या ओढीचा नियम गुरुत्वाकर्षणावरून बेतला: लोकसंख्या जास्त तर ओढ जास्त, अंतराच्या वर्गाने कमी. पुढे बाजाराच्या अभ्यासकांनी अंतराचा तो घातांक (वर्गातला 2) आकडेवारीतून काढायला सुरुवात केली, कारण तो 2 च असायला बाजारात कारण नाही. न्यूटनच्या नियमात मात्र 2 चा संबंध अवकाश त्रिमित असण्याशी आहे: गोलाचे पृष्ठफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढते. नुसता दाखला ऐकणाऱ्याला हा फरक कळत नाही.

शिक्षकांनी दाखला देण्याआधी कागदावर चार रकाने आखावेत: राशी, तिचे एकक, समीकरण, आणि दाखला कुठे मोडतो. मग विद्यार्थ्याकडून आधी आकड्यात अंदाज घ्यावा आणि नंतरच मोजमाप करावे. उलट क्रमाने केले तर प्रत्येकाला आपल्याला आधीच माहीत होते असे वाटते. ‘ब्रँडचे वस्तुमान’ पहिल्या रकान्यात लिहिणे सोपे आहे, दुसऱ्यात अडते. पदार्थाचे वस्तुमान तराजूवर वेगळे मोजता येते. ब्रँडचे ‘वस्तुमान’ तो बदलायला किती जड गेला यावरूनच ठरवतात, आणि त्याच आकड्याने तो जड का गेला हे समजावतात.

– भौतिकशास्त्राचे काही शिक्षक