हलगी आमच्या गॅसवर तापली

शाहीर मंडळी,
सप्रेम जयभीम.

गिटारवाला दादा, हलगीवाला पोरगा आणि खणखणीत आवाजाची ताई, एवढीच आपली ओळख. त्या गडबडीत नावंही विचारायची राहिली.

भावाला जाऊन त्या दिवशी वर्ष झालं. तुर्भे स्टोअरला सकाळपासून पाऊस. ज्या सोसायटीच्या मैल्याच्या टाकीत तो साफसफाईला उतरला आणि गेला, तिथलं कोणी फिरकणार नव्हतंच. पण गेल्या वर्षी आमच्या दारात फोटो काढून घेणारे ‘पाठीशी आहोत’वाले? पंधरा दिवस आधी तारीख कळवली होती. एकाने फोन उचलला, तोही ‘मीटिंगमध्ये आहे’ सांगायला. एक ऑर्केस्ट्रावाला तर म्हणाला, असल्या कार्यक्रमाने आमच्या पोरांचा मूड जातो! तुम्ही ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने आलात, गिटारला काळी पिशवी गुंडाळून, स्वतः नखशिखान्त भिजून.

हलगी ओलीने बसली होती. थाप मारली की पुठ्ठ्यासारखा आवाज. बाहेर कागद पेटवायला कोरडी जागा नाही. हलगीवाल्याने मला नाही, आईला विचारलं, “मावशी, गॅसवर जरा तापवू का?”

आई उठली. गॅस बारीक केला, हलगी त्याच्या हातातून घेतली आणि पापड भाजावा तशी फिरवायला लागली. मधेच टिचकी मारायची, कान लावायची. “अजून थोडी,” म्हणाली. भाऊ जयंतीच्या मिरवणुकीत वाजवायचा, त्याचीही हलगी तीच तापवून द्यायची. तुम्हाला हे कुठून माहीत असणार? पोरगा हात मागे घेऊन नुसता उभा राहिला. बाहेर लोक खोळंबले होते, तरी तुमच्यातल्या कोणी घाई केली नाही. वर्षभर सगळे तिला “तुम्ही बसा” म्हणत होते. बसून बसून बाई दगड झाली होती.

मग गाणी. शेजारचे आजोबा लहानपणी गिरणगावात शाहीर अमर शेखांना ऐकलेले. ते पत्र्याखालून हललेच नाहीत. २०१३ च्या कायद्याने माणसाला साधनांशिवाय टाकीत उतरवणं गुन्हा आहे, सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये मृताच्या घरच्यांची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली, हे आम्हाला एकाही साहेबाने सांगितलं नव्हतं. हलगीच्या ठेक्यावर कळलं! आता अर्ज करतोय, बघू.

माणुसकी हा शब्द आमच्याकडे बॅनरवर फार दिसतो, वर हात जोडलेला फोटो. तुमचा बॅनरही नव्हता. पाकीट पुढे केलं तर ताईने ते आईच्या हातात परत ठेवलं आणि आणखी अर्धा कप चहा मागितला.

परवा आईने भावाची हलगी खिळ्यावरून काढून पुसली. कातडं एका बाजूने फाटलंय. ठाण्यात चांगलं कातडं कुठे चढवून मिळतं, तेवढं कळवा.

तुमची,
तुर्भे स्टोअरची बहीण